तुळशीला प्रदक्षिणा घालणारा पाहुणा

चंद्रावर आमच्याकडे टुंग नावाचा पाहुणा आला. वरून अलगद अंगणात उतरला, दोन पावलं चालला आणि काचेच्या घुमटातल्या तुळशीला प्रदक्षिणाच घालू लागला. आत्या खिडकीतून बघत होती. "बघ जरा," ती मला म्हणाली, "याला म्हणतात संस्कार." आणि नैवेद्याची वाटी काढायला गेली.

टुंग सूर्याकडचा. त्याचं सगळं अंग प्रभारित (विजेचा भार असलेल्या) कणांचं. त्याचा धूमकेतू अर्ध्या तासात सुटणार होता आणि त्याची आई आधीच जाऊन बसली होती. पण याच्या फेऱ्या काही संपेनात. शेवटी रेडिओवर बारीक आवाज आला, "मला सरळ जायचंय. जमत नाहीये."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. चूक स्वतःची असली की ते हेच करतात. सूर्याकडून येणाऱ्या कणांनी तुळस करपू नये म्हणून त्यांनी अंगणाभोवती तारेचं मोठं कडं पुरलं होतं. त्यातल्या विजेमुळे अंगणात चुंबकीय क्षेत्र (चुंबकाचा जोर चालतो ती जागा) तयार झालं होतं, खालून वर, उभं.

आजोबांनी सांगितलं ते असं: हे क्षेत्र चालत्या कणाला पुढे ओढत नाही, मागेही खेचत नाही, फक्त बाजूला ढकलतं. कण वळला की ढकलण्याची दिशाही वळते. वेग तेवढाच राहतो, वाट मात्र वाकत वाकत गोल होते. थांबलेल्या कणाला ते हातही लावत नाही. पण थांबून टुंग घरी कसा पोचणार? आणि कड्यातली वीज उतरायला एक दिवस लागतो.

"मग तो आत आला कसा?" मी विचारलं.

"वरून."

"तेव्हा नाही ढकललं?"

आजोबांनी पुन्हा चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "क्षेत्राच्याच दिशेने येणाऱ्याला ते ढकलत नाही."

मी रेडिओ घेतला. "टुंग, आल्या वाटेने जा. वर उडी मार."

तो उडाला. गोल फिरणं चालूच होतं, त्यात वर जाणं मिळालं, म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांसारखा चढत गेला. वर क्षेत्र विरळ, तसे वेढे मोठे होत गेले. मग एकदम सरळ सुटला. धूमकेतू हलला तेव्हा टुंग आईशेजारी होता.

आत्या वाटी घेऊन आली तर अंगण रिकामं. तिला मी सगळं समजावलं. पृथ्वीभोवतीही असंच क्षेत्र असतं, आणि त्याच्या दिशेने कण ध्रुवांजवळ उतरतात, हवेला धडकतात, मग आकाश हिरवं उजळतं, असं आजोबांनी पुढे जोडलं. आम्ही तिघांनी वर पाहिलं. पृथ्वीच्या टोकाशी हिरवी कड चमकत होती.

"तिकडेही पाहुणे उतरले म्हणायचे," आत्या म्हणाली. "त्यांना परतीची वाट कोणी सांगितलीय का?"

मी पुन्हा रेडिओ उचलला.