हरिणाखालची अक्षरं

पोरगी कुठल्या रंगाचा धागा उचलते, ते विचारायचं नाही. आमच्या घरचा नियम. मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी मी भाचीला, मॉर्व्हेनला, ग्रिझेल मावशीकडून घरी न्यायला गेले. तिचा बाप, माझा भाऊ फर्गस, मासेमारीच्या बोटीवर होता. समुद्रावरचं धुकं गल्लीत शिरलं होतं. चारलाच अंधारलं होतं. सगळीकडे कोळशाच्या धुराचा ओलसर वास. कॉलेजातून थेट आले होते. इतकी दमले होते, की मावशीने पुढे केलेला चहाही नकोसा झाला.

भिंतीवर घरातल्या मुलींचे भरतकामाचे जुने नमुने टांगले होते. आठव्या वर्षी प्रत्येकीने एक करायचा. मला ते अजून आवडतात. घराहून मोठं हरिण, जागा संपली म्हणून शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर चढलेलं अक्षर. आणि सर्वांत खाली घरच्यांची आद्याक्षरं : जिवंतांची हिरवी, मेलेल्यांची काळी.

माझ्या नमुन्यात आईची काळी आहेत. ती मी भरली, तेव्हा आई खाली पाव कापत होती. त्याच हिवाळ्यात ती गेली.

मॉर्व्हेन खिडकीपाशी बसली होती. हरिण भरून झालं होतं, त्याखाली सगळ्यांची आद्याक्षरं पेन्सिलीने आखलेली. एका हातात रिकामी सुई. दुसरा हात काळ्या लडीकडे चालला होता...

"कुणाचं भरतेस गं?"

"उना!" मावशी कुजबुजली. "विचारायचं नसतं..."

"बाबाचं," मॉर्व्हेन म्हणाली.

मी सुई आणि कापड हिसकावलं. काळी लडी शेगडीत टाकली.

"झालं शहाणपण?" शेगडीपाशी बसलेले डुगल काका खेकसले. "कॉलेजात हेच शिकवतात वाटतं? अगं, धाग्याने कुणी मरत नाही. नुसतं आधी कळतं."

"कळून काय केलंत? आईला वाचवलंत?" ओरडायचंही त्राण नव्हतं. "तुम्हाला कळावं म्हणून आठ वर्षांच्या पोरीने का भरायचं? बास. ही एक टाका घालणार नाही. यापुढे या घरात कुणीच नाही."

वाटलं, आता मावशी तुटून पडेल. काकांनी सावकाश टोपी काढली. दोघंही माझ्या हाताकडे बघत होते.

मघाच्या रिकाम्या सुईत आता काळा धागा होता. त्याचं दुसरं टोक कापडात गेलेलं... फर्गसच्या शेजारी, माझ्या अक्षरात.