गाळलेलं पाणी

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी सरली होती. हातकणंगल्याजवळच्या एका मळ्यात कोल्हापूरच्या विद्यापीठात संशोधन करणारी शांभवी दोरीला बाटली बांधून विहिरीत सोडत होती, तेवढ्यात मागून आवाज आला —

“पावणं, घागर आणायची की! बाटलीनं कवा भरायचं?”

मळ्याचा मालक, वृषभ. हसला की डोळे मिटायचे त्याचे. शांभवी रागवायचं विसरली आणि सांगत बसली... खोल समुद्रात ऊन पोचत नाही, नवा प्राणवायू तयार होत नाही. तिथलं पाणी बाटलीत बंद करून अंधारात ठेवायचं. जेवढा प्राणवायू घटेल, तेवढा आतल्या जिवांनी श्वासात घेतला. गोव्याहून संशोधनाचं जहाज निघणार होतं; या मोजणीवर हात बसला तरच तिला त्यावर जागा. समुद्र लांब, म्हणून सरावाला ही विहीर.

“बारक्या जिवांचा श्वास मोजता... आणि माणसाचा अडकला तर?”

“त्याला डॉक्टर असतात,” ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

मग ती येतच राहिली. बाटल्या भरायचं काम हळूहळू त्यानंच अंगावर घेतलं. आणि तिथून मोजणी बिघडली — प्राणवायू घटेचना! विद्यापीठातले सर म्हणाले, तुझा हात साफ नाही. सोमवारी शेवटची संधी. शांभवी विहिरीच्या कठड्यावर बसून रडली.

“एक विचारू?” वृषभ चाचरत म्हणाला. “पाणी... गाळायचं नसतं का?”

“गाळलंत?”

“आम्ही जैन. न गाळता पाणी घेतच न्हाई. फडक्यातलं जीव परत विहिरीत सोडलं... बाटलीत गुदमरतील, वाटलं.”

श्वास घेणारेच विहिरीत पोहत होते, मग बाटलीत घटणार काय, कपाळ? शांभवी रडता रडता हसली. या वेळी बाटली तिनं स्वतः भरली. त्यानं पाठ फिरवली, पण दोर धरून ठेवला.

सोमवारी मोजणी चोख उतरली. जहाजावर नाव लागलं. सांगायला ती धावत आली, आणि आता हा मळा सुटणार म्हणून तिलाच भरून आलं.

“जावा की,” तो म्हणाला. “आईला सांगून ठेवलंय मी.”

“काय?”

“लगीन करीन तर शांभवीशी. लिंगायताची पोरगी सून म्हटल्यावर जेवलीच न्हाई. काल जेवली.”

“आणि मला न विचारता?”

“तुमाला विचारायचं धाडस हुईना... म्हणून सोपं काम आधी उरकलं.”

शांभवी इतक्या मोठ्यानं “व्हय की!” म्हणाली, की शेजारच्या उसातलं तण भांगलणाऱ्या बायाही उठून बघायला लागल्या.