बाळकुमचं कोरडं तळं

यातलं एकही वाक्य माझ्या पदरचं नाही. माझी आतेबहीण मृणाल ठाकुर्लीला राहते. तिच्यासोबत हे गेल्या वर्षी मे महिन्यात घडलं. बाळकुमला. तेही संध्याकाळी, चांगला उजेड असताना.

मृणाल एका खासगी सर्व्हे कंपनीत आहे. शहराच्या विकास आराखड्यात तिथला एक प्लॉट तळ्यासाठी राखीव होता. मालकाला त्यावर टॉवर उभा करायचा होता. त्याचं म्हणणं, इथे तळं कधी नव्हतंच. जागा बघून अहवाल द्यायचं काम मृणालकडे आलं.

मालकाचा माणूस, कमलेश, गेटवर उभा होता. त्याने गेट उघडलं, पण स्वतः आत आला नाही.

"तुम्ही जाऊन या मॅडम. मी इथेच आहे."

"का हो? चला ना, हद्द दाखवा."

"दिसतेय की सगळी. जास्त आत नका जाऊ. इथूनच फोटो काढा."

मृणालला तिथेच संशय आला. हा काहीतरी लपवतोय. भराव टाकून तळं बुजवलं असणार.

ती मुद्दामच मधोमध चालत निघाली.

जमीन पार भेगाळलेली. पायाखाली नुसती धूळ.

थोडं पुढे गेल्यावर आवाज आला…

धप… धप…

दगडावर कपडे आपटल्यासारखा.

आजूबाजूला चाळ नाही, नळ नाही. माणूस नाही.

"इथे कपडे कोण धुतंय?" तिने लांबूनच कमलेशला विचारलं.

तो मोबाइलमध्ये बघत राहिला. "कुठे?" असंसुद्धा म्हणाला नाही.

ती आणखी पुढे गेली… आणि आवाज थांबला.

सगळेच आवाज थांबले. रस्त्यावरचे ट्रक, कावळे, समोरच्या बिल्डिंगमधलं ड्रिलिंग.

पोटऱ्यांना गार लागलं.

मग अगदी कानाशी एक बाई बोलली. म्हातारी. गावातल्या आगरी बायका बोलतात तशी.

"पोरी, पुढं येव नको गो… खोल हाय."

मृणालने खाली पाहिलं.

जमीन कोरडीच होती.

तिची जीन्स मात्र गुडघ्यापर्यंत भिजलेली.

ती गेटपर्यंत कशी पळत आली, तिलाच आठवत नाही. कमलेशने तिच्या जीन्सकडे पाहिलं. जरासुद्धा दचकला नाही.

"ऐकलंत तिचं, बरं केलंत," तो हळूच म्हणाला. "आधीचे सर पुढे गेलेले."

ऑफिसात तिने साहेबांना विचारलं, माझ्याआधी तिथे कोण गेलेलं?

"कोणी नाही. तूच पहिली," साहेब म्हणाले. तिच्याकडे न बघता.

दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता.

मृणालने अहवालात लिहिलं, इथे पाणी आहे, आरक्षण उठवू नये. अहवाल परत आला. मग साहेबांनी दुसऱ्याला पाठवलं. त्याने गेटवरूनच फोटो काढले. काही महिन्यांत आरक्षण उठलं, जागा निवासी झाली.

यंदा पायाचं खोदकाम सुरू झालं. चारी बाजूंनी उंच पत्रे ठोकलेत, आतलं काही दिसत नाही. एक दिवस कानाशी कोणी कुजबुजल्यासारखं झालं, राहवेना, म्हणून तिने कमलेशला फोन लावला.

"खोदताना… काही सापडलं का?"



"मॅडम," कमलेश म्हणाला, "हे विचारायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," असं म्हणायला मृणालने तोंड उघडलं…

आणि तिला ते खात्रीने म्हणता येईना.