कापसाचा बोळा

तो माझ्या चित्रासमोर रडत होता!

खरंच सांगते. प्रदर्शनाचा तिसरा दिवस होता, आणि तोवर माझ्या त्या सहा फुटी करड्या चित्रासमोर कुणी दोन मिनिटांच्या वर टिकलं नव्हतं. लोक येत, मान तिरकी करत, ‘वेगळं आहे हं!’ म्हणत आणि सटकत. वेगळं! हा शब्द माझ्या डोक्यात जातो. कुणाच्या हातची भाजी बिघडली की आपण असंच म्हणतो.

सात महिने खपले होते मी त्या चित्रावर. थरावर थर, थरावर थर. नाव दिलं होतं ‘दुपार’. आणि लोक विचारत काय? हे उलटं तर टांगलं नाही ना? एक गृहस्थ म्हणाले, “आमची धाकटी असलंच काढते.”

“मग तिला घेऊन या,” मी म्हटलं, “तिला तरी कळेल!”

दाराशी अभिप्रायाची वही सांभाळत बसलेल्या मावशीने टेबलाखालून माझा पाय दाबला. मावशी निवृत्त नर्स. माणूस कधी हाताबाहेर जाणार ते तिला आधीच कळतं.

तर, तो रडत होता. सडपातळ, बाह्या दुमडलेल्या, कॉलरमध्ये एक सुई खोचलेली. एक हात गालावर, आणि गालावरून चक्क पाणी. मी धावतच गेले.

“काय वाटलं? काय दिसलं तुम्हाला?”

“अं…” तो म्हणाला.

मला पुरे होतं तेवढं. मी वीस मिनिटं बोलले… रंगाबद्दल, थरांबद्दल, आजकाल कुणाला थांबून बघायची सवयच राहिली नाही त्याबद्दल. तो मान डोलवत राहिला. मध्ये एकदाही तोडलं नाही. इतकं मन लावून ऐकणारा पुरुष मी जन्मात पाहिला नव्हता.

शेवटी त्याने खिशातून पेन काढलं आणि माझ्याच पत्रकाच्या मागे लिहिलं: ‘शेजारी दात काढला. अर्धा तास कापूस दाबून धरायचाय. तिकडे बसायला जागा नव्हती.’

“म्हणजे तुम्ही दातासाठी रडत होतात?”

त्याने ओशाळून मान हलवली. मग घाईने लिहिलं: ‘पण हे बघून दुखणं कमी झालं.’

“माझं चित्र म्हणजे काय लवंगेचं तेल वाटलं तुम्हाला?”

तो हसला. अर्धाच… उरलेला अर्धा चेहरा बधिर होता. त्या अर्ध्या हसण्याने माझं व्हायचं ते झालं, पण तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याला हॉलबाहेर काढलं असतं.

त्याच संध्याकाळी हॉलचे व्यवस्थापक आले. “लोक थांबत नाहीत हो,” ते म्हणाले. “शनिवारी समितीच्या अध्यक्षबाई येतायत. त्यांनाही तसंच वाटलं, तर रविवारी तुमची चित्रं उतरवू. उरलेले आठ दिवस घोड्यांच्या चित्रवाल्यांना देऊ.”

घोडे! पळणारे घोडे! मला चार दिवसांची मुदत आणि घोड्यांना मोकळं रान. मी घरी जाऊन इतकी भांडी आपटली की मावशीने उरलेली स्वतः घासली.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. गाल तसाच फुगलेला.

“अजून कापूस?”

“हं.”

तो चित्रासमोर उभा राहिला, तासभर. मी बोलत होते, तो कागदावर उत्तरं देत होता. मागच्या गल्लीत त्याचं रफूचं दुकान होतं. ‘फाटलेलं दिसू नये असं शिवतो,’ त्याने लिहिलं.

“म्हणजे काम चांगलं झालं तर कुणाला दिसतच नाही?”

‘हो. आणि तुमचं?’

“माझं कसंही झालं तरी कुणी बघत नाही!”

त्याला हसू आवरेना. तोंडावर हात दाबून तो भिंतीकडे वळला, आणि मी — रागावलेली असूनही — त्याच्या थरथरणाऱ्या खांद्यांकडे बघत राहिले. पुढच्या दिवशी तो यायच्या वेळेला मी केस नीट केले. मावशीने ते पाहिलं आणि स्वतःचा कंगवा पुढे सरकवला, हे जास्त वाईट होतं.

शुक्रवारी शेजारच्या डॉक्टरीणबाई सहज डोकावल्या. मी विचारलं, “काय हो, त्या रफूवाल्याचा दात एवढा अवघड होता? इतके दिवस कापूस?”

“इतके दिवस?” त्या म्हणाल्या. “मी अर्धा तास सांगितला होता!”

आणि नेमका तेव्हाच तो दारात. गाल फुगवून.

“काढा,” मी म्हटलं.

“अं?”

“कापूस काढा आधी तोंडातला!”

त्याने वळून मुकाट्याने बोळा काढला, रुमालात गुंडाळला. डॉक्टरीणबाईंना एकदम काहीतरी काम आठवलं.

“तीन दिवस मला खोटं… का?”

“भीती वाटते,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकत होते. खोल, सावकाश. चांगला होता, त्याचाही राग आला. “तुमच्या प्रश्नाची. पाऊल आत टाकलं की तुम्ही विचारता, काय वाटलं? काय दिसलं? फळ्यापाशी उभं केल्यासारखं होतं हो. तोंडात कापूस असला की कुणी विचारत नाही. निवांत बघता येतं.”

“म्हणजे लोकांना मी पळवते?”

“काल जिन्यात दोघं म्हणत होते… बघ, बाई आत आहे का. नसली तर जाऊ.”

“निघा!” मी ओरडले. “आत्ताच्या आत्ता निघा!”

तो गेला. मी मावशीकडे वळले. “ऐकलंस?”

“ऐकलं. खरं बोलला, म्हणून लागलं.”

“तू कुणाच्या बाजूची आहेस?”

“दारातच माणसाच्या मानगुटीवर बसतेस तू, बाळा. दवाखान्यात आलेल्या माणसालासुद्धा आम्ही आधी बसायला सांगायचो.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. आधी त्याचा राग, मग मावशीचा, आणि पहाटे पहाटे माझा स्वतःचा. तो सगळ्यात खुपला.

शनिवारी मी व्हरांड्यातलं लाकडी बाक ओढत आणलं, ‘दुपार’समोर ठेवलं आणि मावशीशेजारी तोंड शिवून बसले. सोपं नसतं हो ते! एक बाई पिशव्या सांभाळत आल्या, टेकल्या, आणि टेकूनच राहिल्या. एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांनी चष्मा पुसून परत लावला. माझी जीभ वळवळत होती. मावशीने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

अध्यक्षबाई आल्या तेव्हा बाकावर जेमतेम एकाची जागा होती. त्या बसल्या. पाच मिनिटं. दहा. पंधरा! मग उठल्या आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या, “घोडे काय, पळणारेच आहेत. आठ दिवस उशिरा पळतील.”

मला नाचावंसं वाटलं. पण ज्याला सांगायचं, तोच आला नव्हता! संध्याकाळी मी तणतणत मागच्या गल्लीत गेले. खिडकीतल्या उजेडात तो एका कोटाची बाही घेऊन बसला होता.

“आज रफूचक्कर कशाला झालात?”

“तुम्हीच निघा म्हणालात.”

“निघा म्हणजे कायमचं निघा, असं असतं का?”

त्याने बाही खाली ठेवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “एक सांगू? पहिल्या दिवशी मी चित्रच बघत होतो. नंतर… नंतर तुम्हाला चिडलेलं बघायला यायचो.”

कुणीही शहाणी मुलगी इथे लाजली असती. मी म्हटलं, “म्हणजे चित्राकडे बघितलंच नाही? नंतरचे तीन दिवस?”

“खाली उजव्या कोपऱ्यात,” तो हळूच म्हणाला, “वीतभर जागा आहे. करड्याखाली पिवळा आहे तिथे. तो तुम्ही घासून काढलात आणि परत भरलात. बाकी सगळीकडे हात शांत चाललाय. तिथे नाही. तिथे काहीतरी फाटलं होतं.”

ज्या दिवशी तो पिवळा घासला, त्या दिवशी मी सगळे ब्रश टोपलीत फेकून दिले होते. पुन्हा हात लावायचा नाही म्हणून. हे मावशीलाही माहीत नव्हतं.

“काय झालं होतं?” त्याने विचारलं, आणि लगेच हात वर केले. “नको. राहू दे. नाही विचारत.”

त्याने स्टूल पुढे सरकवलं. मी बसले, आणि त्याने न विचारलेलं सगळं सांगितलं. रडले थोडी. तो मध्ये एक शब्द बोलला नाही, आणि ह्या वेळी तोंडात काही नव्हतं.

“आणि मला तुम्ही आवडता,” शेवटी मी म्हटलं. “त्याचाही मला राग आलाय.”

“खूप?”

“भयंकर.”

“मग उतरेपर्यंत बसा.”

“तो उतरणारा नाही.”

“मग बसाच,” तो म्हणाला… आणि पूर्ण हसला.