गारमिस्त्रीची झडप

दार लोटून घ्या. हे ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या साडूचं आहे.

साडू मोटारमिस्त्री, वर उत्तरेकडे बर्फाच्या डोंगरात त्याचं गॅरेज. सगळे त्याला गारमिस्त्री म्हणायचे, कारण गाडी तापते म्हणून कुणी आलं की याचं औषध एकच, थर्मोस्टॅट काढून फेकायचा. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी एवढीशी झडप ती. ती गेली की पाणी सारखं फिरतं, काटा वर चढत नाही, गिऱ्हाईक खूश. पण मग हीटरलाही ऊब मिळत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या गाडीत त्यानं चांगली अठ्ठ्याऐंशी डिग्रीची झडप बसवली होती.

उन्हाळ्यात त्यानं एका टॅक्सीवाल्याची झडप काढली. थंडीत तो टॅक्सीवाला बायको आणि तान्ह्या मुलीसकट घाटात बर्फात अडकला. रात्रभर हीटर गार वारा फेकत होता. सकाळी एकटा टॅक्सीवाला जिवंत निघाला. गॅरेजात येऊन तो ढसाढसा रडला, तर आमचे साडूभाऊ पाना पुसत म्हणाले, "इंजिन तर वाचलं ना?"

मला त्याची शिसारी आली.

पुढच्या वर्षी त्याच्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, मुलगी झाली. जानेवारीतला दुसरा मंगळवार. दोघींना दवाखान्यातून घरी आणायला हा गेला. बर्फामुळे रस्ता उशिरा खुला झाला, म्हणून रात्री अकराला ते घाटात होते. भाची मागच्या सीटवर बाळाला कुशीत घेऊन झोपलेली. हीटर मस्त चाललेला, हा शीळ घालत होता.

वळणावर एक बाई उभी होती. छातीशी दुपटं. एवढ्या थंडीत तान्हं मूल पाहून त्यानंसुद्धा गाडी थांबवली. बाई मागे भाचीशेजारी बसली.

"हिला जरा ऊब हवी होती, काका."

गाडी निघाली. थोड्या वेळानं काटा खाली यायला लागला. खाली... अजून खाली. हीटर गार पडला.

त्यानं उतरून बॉनेट उघडलं. इंजिन चालू. पाइपला हात लावला.

बर्फ.

झडप काढलेल्या गाडीचा पाइपही एवढा गार नसतो.

मागून आवाज आला. अगदी हळू.

"मिळाली हिला ऊब. येते मी."

तो धावला. बाई नव्हती. दार उघडलेलं नव्हतं. बर्फात पाऊल नव्हतं. भाची झोपलेली. कुशीत बाळ. एकच. श्वास चालू...

नात आता सात वर्षांची आहे. खाते, पिते, घर डोक्यावर घेते. साडू रोज रात्री तिचे तळपाय चोळत बसतो, आणि भाची हसून म्हणते, बाबांचं आपलं काहीतरीच, माझी पोर जरा थंड प्रकृतीची आहे.

तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

परवा मी तिथे होतो. डॉक्टरांनी तीन थर्मामीटर बदलले. पारा जागचा हलला नाही.