रिकाम्या पलंगाचं चित्र

कुरुंद्याचे शिवहार गुरुजी वसमतच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि पगारातून लिथोग्राफ जमवायचे. गावाच्या लेखी हे निव्वळ खूळ होतं. एका जगप्रसिद्ध अतिवास्तववादी चित्रकाराची ती दगडावरून छापलेली चित्रं. मोजक्या प्रती निघाल्या की दगड घासून कोरा करायचे, पुन्हा छपाई नाही. गुरुजींचा जीव त्यातच अडकलेला.

त्यांचं लाडकं चित्र काळ्या शाईतलं होतं. उजाड माळ आणि त्यावर रिकामा पलंग. ते घरी आणलं तेव्हा त्यांची बायको सुकन्या हळद शिजवता शिजवता तशीच उठून बघायला आली.

"येवढा मोठा पलंग, अन् निजायला कुणीच न्हाई व्हय?" म्हणत तिने बोट पुढे केलं.

"हात लावू नको! हळदीचे हात घेऊन कुठं येऊन राहिलीस?" गुरुजी खेकसले.

तिने दोन्ही हात मुकाट पदराखाली घेतले.

पुढच्या हंगामात, अठ्ठ्याण्णव साली, गुरुजी आणखी एका चित्रासाठी हैदराबादला निघाले. "हळद शिजेपर्यंत तरी थांबा की," ती म्हणाली. ते थांबले नाहीत. उकळती कढई तिच्या अंगावर कलंडली तेव्हा जवळ कुणी नव्हतं. गुरुजी परतले तोवर तिला अग्नी देऊन सगळं आटोपलं होतं. नवं चित्र त्यांनी उघडलंसुद्धा नाही.

वर्षभराने चित्रातल्या त्या पलंगावर एक डाग दिसला. बुरशी असेल म्हणून गुरुजींनी काच पुसली, पण डाग आत होता. पावसाळ्यात त्याला खांदे आले, मग अंबाडा. पलंगावर एक बाई पाठ करून बसली होती, आणि तो अंबाडा गुरुजी चांगला ओळखत होते. भीती त्यांना वाटली नाही. रोज शाळेतून आले की ते समोर बसून म्हणायचे, "एकदा वळ गं."

ती वळली नाही.

शेवटी ते चित्र घेऊन हैदराबादला गेले. चित्रं विकणारा हरिचंद मूळचा सेनगावचा. त्याच्या दुकानात त्याच दगडाची दुसरी प्रत होती.

"यात बाई कधी आली?" गुरुजींनी विचारलं.

"आली म्हंजे? ती पैल्यापासून हाय की." हरिचंदने दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि तो गोंधळला. "पण गुरुजी, तुमच्याकडं पाठ काहून करून बसली?"

दुकानातल्या प्रतीत सुकन्या समोर बघून हसत होती. सगळं चित्र काळं. मांडीवर उघडे ठेवलेले हात तेवढे पिवळे.

गुरुजींना रडू फुटलं. "सुकन्या," म्हणत ते वाकले.

तिने हात पदराखाली घेतले.