थांबलेली सायकल

मेधाला सगळ्यांचाच राग आला होता. चार डॉक्टर झाले, एक्स-रे झाला, हृदयाच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. बसल्या जागी धाप लागते म्हटलं की जो तो ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणायचा. वर्गात शिकवताना वाक्य अर्ध्यात तुटायचं आणि पोरं फिदीफिदी हसायची. आजाराचा कागद आणा, नाहीतर नोकरी सोडा, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. नवरा श्रीहरी वकील. दोन वर्षांपूर्वी हार्ट अ‍ॅटॅकमधून वाचलेला हा माणूस आता दोन-दोन पायऱ्या गाळत जिने चढायचा, आणि वर तिलाच म्हणायचा की हे तुझ्या मनाचे खेळ आहेत.

देशपांडे नगरातल्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, तिला जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसवलं. तोंडावर मास्क, छातीवर वायरी. दम कुठं कमी पडतो ते शरीराला कामाला लावल्यावरच कळतं, असं मशीन चालवणाऱ्या परशुरामनं समजावलं. मेधानं दातओठ खात पायडल मारले. पडद्यावरची श्वासाची रेषा शहाण्यासारखी चढली, थांबल्यावर उतरली. यातही काही दोष नाही म्हटल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जुने रिपोर्ट खाली गाडीत राहिले होते. लिफ्ट बंद होती. श्रीहरी आणायला गेला.

पाच मिनिटांनी रेषा पुन्हा चढू लागली.

“साकु, पुरे, अक्का. पाय थांबवा,” परशुराम आपल्या कानडी मराठीत म्हणाला.

तिचे पाय थांबलेलेच होते. जिन्यात बूट वाजत होते, आणि दर पायरीला तिचा जीव घुसमटत होता.

बूट थांबले. रेषा उतरली.

श्रीहरी दारात उभा होता. घाम नाही, धाप नाही.

मेधानं मास्क उपसून त्याच्या तोंडावर दाबला. “घ्या श्वास. माझ्यासमोर घ्या.”

रेषा तळाला टेकून सरळ सरकत राहिली. परशुरामनं मास्क स्वतःला लावून पाहिला. रेषा उठली. पुन्हा श्रीहरीला लावला.

सरळ.

मेधानं त्या सरळ रेषेचा कागद छापून मागितला.

“मशीन बिघडलंय, अक्का,” परशुराम भिंतीला टेकत म्हणाला. “हे मी लिहून देणार नाही.”

श्रीहरीनं रिपोर्ट तिच्या मांडीवर ठेवले. “चल लवकर. आजपासून नृपतुंग बेट्टाची टेकडी पळत चढायची ठरवलीय. दहा वेळा.”